न्यू जर्सीतील व्हिटा केंद्र : परतावा वाढतो तो कशामुळे

जानेवारी संपत आला की न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांच्या बाजारपेठांत ‘जास्तीत जास्त रिफंड, हमखास’ अशा पाट्या झळकू लागतात. या पाट्यांमागे बसलेली मंडळी नेमके काय करतात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या एका खोलीत फुकट चालणारे, प्राप्तिकराचे रिटर्न भरून देणारे व्हिटा केंद्र काय करते, हे दोन्ही आमच्या कुटुंबाला लागोपाठच्या दोन वर्षांत पाहायला मिळाले. हे परीक्षण त्यातल्या दुसऱ्याचे आहे. पहिल्याविषयीही ओघाने लिहावे लागेल, परंतु त्या दुकानाचे नाव मी येथे देणार नाही.

व्हिटा म्हणजे ‘व्हॉलंटिअर इन्कम टॅक्स असिस्टन्स’. आयआरएस या अमेरिकेच्या करखात्याचा हा कार्यक्रम १९६९ पासून चालू आहे. वाचनालये, चर्च, समाजकेंद्रे आणि कॉलेजे यांच्या जागेत स्थानिक संस्था ही केंद्रे चालवतात आणि तिथे रिटर्न भरून देणारे स्वयंसेवक आयआरएसची परीक्षा उत्तीर्ण झालेले असतात. फी नाही, आणि बक्षिसी म्हणून काही पुढे केले तर तेही त्यांना घेता येत नाही. सेवा प्रामुख्याने मध्यम आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहे. २०२५ च्या मोसमात ही मर्यादा स्थूलमानाने ६७,००० डॉलर होती आणि ती अधूनमधून वाढते. इंग्रजी कच्चे असणारे, अपंग आणि ज्येष्ठ यांनाही ती खुली आहे. सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या वर्तुळात वावरणाऱ्या मराठी माणसाला ही मर्यादा वाचून हे आपल्यासाठी नाही असे वाटेल. पण भावंडांच्या कोट्यातून ग्रीन कार्डावर आलेली, गोदामांत, दुकानांत आणि पाळणाघरांत राबणारी मराठी कुटुंबे इथे थोडी नाहीत. त्यांच्याबद्दल आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवात फारसे बोलले जात नाही, एवढेच.

माझा भाऊ असाच २०२३ मध्ये वहिनी आणि दोन मुलांसह आला. तो एका गोदामात पूर्णवेळ आणि वहिनी शाळेच्या उपाहारगृहात अर्धवेळ काम करते. दोघांचे मिळून उत्पन्न, भारतातल्या ठेवीचे व्याज धरून, २०२५ साली ४६,००० डॉलरच्या घरात होते. मुलगा नोव्हेंबरमध्ये सतरा वर्षांचा झाला आणि मुलगी बारा वर्षांची आहे. ही वये लक्षात ठेवावीत, कारण सगळा हिशेब त्यांच्याभोवती फिरतो.

केंद्रात शिरल्यावर आधी फॉर्म हातात पडतो, तो १३६१४-सी क्रमांकाचा, काही पानांचा प्रश्नांचा गठ्ठा. पगाराखेरीज कुठून पैसे आले, परदेशात खाते आहे का, मुले वर्षातले किती महिने तुमच्याकडे राहिली, त्यांना सांभाळायला कोणाला पैसे दिले, कोणी कॉलेजात जाते का, आरोग्यविमा कुठून घेतला. भावाने तो घाईघाईने ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा करून परत दिला. समोरचे गृहस्थ, निवृत्त लेखापाल असावेत, तो फॉर्म बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या प्रश्नापासून तोंडी विचारू लागले. माझ्या मते या सेवेचे खरे मोल इथे आहे. सॉफ्टवेअर तेच आकडे तसेच जोडते. परतावा वाढतो किंवा बुडतो तो कोणी प्रश्न विचारतो की नाही, यावर.

मुळात परताव्याचे दोन भाग असतात आणि पाट्या लावणारे ते मुद्दाम एकत्र करून सांगतात. एक भाग म्हणजे पगारातून वर्षभर जास्त कापलेला कर, जो आपलाच असतो आणि सरकारने बिनव्याजी वापरून परत दिलेला असतो. दुसरा भाग म्हणजे काही क्रेडिटे, म्हणजे करातून थेट वजा होणाऱ्या सवलती, ज्या कर शून्यावर आल्यानंतरही रोखीने मिळतात. त्यात मोठे दोन आहेत. पहिले अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट : २०२५ सालासाठी ते मुले नसतील तर जास्तीत जास्त ६४९ डॉलर, एक मूल असेल तर ४,३२८, दोन असतील तर ७,१५२ आणि तीन किंवा अधिक असतील तर ८,०४६ डॉलर आहे, आणि उत्पन्न वाढेल तसे ते उतरत जाऊन एकत्र रिटर्न भरणाऱ्या दोन मुलांच्या दांपत्याला ६४,४३० डॉलरच्या आसपास संपते. दुसरे चाइल्ड टॅक्स क्रेडिट : २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने ते दर मुलामागे २,२०० डॉलर झाले, त्यातले जास्तीत जास्त १,७०० रोख मिळू शकतात, मात्र मूल वर्षअखेरीस सतरा वर्षांखालचे हवे.

भावाचा मुलगा इथे अडकला. नोव्हेंबरात सतरावे पूर्ण झाले म्हणून त्याच्यामागचे २,२०० गेले आणि त्याऐवजी ‘इतर अवलंबितां’चे ५०० डॉलरचे क्रेडिट लागले. भाऊ हिरमुसला, मुलाची दोन्ही मोठी क्रेडिटे गेली असेच त्याला वाटले होते. गृहस्थांनी शांतपणे समजावले की अर्न्ड इन्कम क्रेडिटची वयोमर्यादा निराळी आहे, तिथे मूल एकोणीस वर्षांखालचे आणि पूर्णवेळ शिकत असेल तर चोवीस वर्षांखालचे चालते, म्हणून त्या हिशेबात दोन्ही मुले शाबूत आहेत. मुलगा पुढे कॉलेजात गेला की शिक्षणाचे वेगळे क्रेडिट लागू होईल, ज्यातले १,००० डॉलरपर्यंत रोख मिळू शकतात, हेही त्यांनी कागदाच्या कडेला लिहून दिले.

मग आला सांभाळण्याच्या खर्चाचा प्रश्न. मुलगी शाळा सुटल्यावर एका आफ्टरकेअरमध्ये थांबते. वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर तिथे जातात. वहिनीने पावत्या आणल्या होत्या, परंतु त्यांवर संस्थेचा करक्रमांक नव्हता, आणि तो दिल्याशिवाय २४४१ क्रमांकाचा फॉर्म पुरा होत नाही. “बाहेर जाऊन फोन करा, क्रमांक मिळाला तर आपण हे आत्ताच भरू,” असे ते म्हणाले. वहिनीने जिन्यात उभे राहून फोन केला, तिकडून क्रमांक मिळाला, आणि २,००० च्या वीस टक्के म्हणजे ४०० डॉलरचे क्रेडिट आत आले. हे क्रेडिट स्वतः रोख मिळत नाही, कर असेल तेवढ्यापुरतेच चालते, म्हणून पुष्कळ जण त्याच्या वाट्याला जात नाहीत. पण भावाच्या बाबतीत आकडे पाहण्यासारखे आहेत. ३१,५०० डॉलरची प्रमाणित वजावट गेल्यावर १४,५०० उरले, त्यावर दहा टक्क्यांनी १,४५० कर. मुलांची दोन क्रेडिटे मिळून २,७००. त्यातले १,४५० कर फेडण्यात गेले असते आणि १,२५० रोख मिळाले असते. आफ्टरकेअरच्या ४०० ने कर आधीच १,०५० वर आणला, त्यामुळे मुलांच्या क्रेडिटातले ४०० मोकळे झाले आणि रोख रक्कम १,६५० झाली. म्हणजे जे क्रेडिट रोख मिळत नाही म्हणतात, ते मागच्या दाराने पुरतेच रोख मिळाले.

ओव्हरटाइमची नवी वजावट मात्र अर्धीमुर्धीच लागू पडली. २०२५ पासून दीडपट मजुरीतला वरचा अर्धा भाग ठराविक मर्यादेपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो. या पहिल्या वर्षी मालकांनी तो डब्ल्यू-टू या वार्षिक पगारपत्रकावर वेगळा दाखवलाच पाहिजे अशी सक्ती नसल्याने पगाराच्या चिठ्ठ्या पाहून हिशेब करावा लागला. सुमारे १,२०० डॉलर निघाले, १२० डॉलर कर कमी झाला, पण रोख क्रेडिटाला १,७०० ची टोपी असल्याने परताव्यात भर पडली ती ५० चीच. भाऊ त्या पन्नासावरही खूश होता.

ज्या प्रश्नाने परतावा घटला, तोही सांगितला पाहिजे. भावाची भारतात एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीची, ठेव आहे आणि तिचे व्याज भारतात करमुक्त असल्यामुळे ते इथेही दाखवायचे नसते, अशी त्याची ठाम समजूत होती. खरे सांगायचे तर अशी समजूत असणारे, बारा खोल्यांच्या घरात राहणारे लोकही मला ठाऊक आहेत. अमेरिकेचा कायदा ग्रीन कार्डधारकाचे जगभरचे उत्पन्न मोजतो. ८०० डॉलरचे व्याज धरल्याने अर्न्ड इन्कम क्रेडिट साधारण १७० डॉलरने उतरले. शिवाय परदेशी खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार नावाची वेगळी माहिती अर्थखात्याकडे द्यावी लागते. ती व्हिटा भरून देत नाही, पण ती ऑनलाइन विनाशुल्क भरता येते हे त्यांनी सांगितले. व्याज लपवून १७० डॉलर वाचवण्याचा सल्ला तिथे कोणी दिला नाही, आणि माझ्या लेखी ही त्या केंद्राची सर्वांत मोठी शिफारस आहे.

अखेरचा हिशेब असा झाला : पगारातून कापलेला केंद्र सरकारचा कर सगळा परत, त्यावर मुलांच्या क्रेडिटातले १,७०० आणि अर्न्ड इन्कम क्रेडिटचे सुमारे ३,८८०. न्यू जर्सी राज्य आपल्या रिटर्नवर केंद्र सरकारच्या अर्न्ड इन्कम क्रेडिटच्या चाळीस टक्के आणखी देते, म्हणजे दीड हजारांहून थोडे अधिक. आणि भाडेकरू असल्यामुळे मालमत्ताकराचे ५० डॉलरचे किरकोळ क्रेडिटही मिळाले. घरात सहा वर्षांखालचे मूल असते, तर राज्याचे वेगळे चाइल्ड टॅक्स क्रेडिट उत्पन्नानुसार १,००० डॉलरपर्यंत मिळाले असते, आणि विशेष म्हणजे त्या राज्य-क्रेडिटासाठी आयटीआयएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांना मिळणारा करक्रमांक, तोही चालतो.

आता ते दुकान. मागच्या वर्षीचे रिटर्न पडताळताना गृहस्थांनी वहिनीला विचारले, “तुमचा डब्यांचा धंदा बंद झाला का?” वहिनी भावाकडे पाहू लागली. तिने कधी कोणाला डबा विकलेला नाही. दुकानदाराने तिच्या नावावर घरगुती डब्यांचा धंदा दाखवला होता आणि त्यात सात हजारांचा तोटा. अर्न्ड इन्कम क्रेडिट उतरणीवर असते तेव्हा उत्पन्न जितके कमी दिसेल तितके क्रेडिट फुगते. ‘हमखास जास्त रिफंड’ची किमया ती एवढीच. रिटर्नवर तयार करणाऱ्याच्या सहीची आणि त्याच्या पीटीआयएन या आयआरएसकडच्या नोंदणी क्रमांकाची जागा कोरी होती, तीनशेवर डॉलरची फी परताव्यातून परस्पर वळती झाली होती, आणि आफ्टरकेअरबद्दल एक शब्दही विचारला गेला नव्हता. पैसे घेऊन रिटर्न तयार करणाऱ्याने सही आणि क्रमांक घालणे कायद्याने बंधनकारक आहे. तरीही रिटर्नमधल्या मजकुराची जबाबदारी करदात्याचीच राहते. नियमांकडे बेफिकिरीने काणाडोळा करून हे क्रेडिट मागितल्याचे ठरले तर दोन वर्षे, आणि लबाडी सिद्ध झाली तर दहा वर्षे, ते मागताच येत नाही. भावाने १०४०-एक्स फॉर्मवर सुधारित रिटर्न भरून फुगवलेली रक्कम व्याजासह परत केली. खात्याची नोटीस येण्याची वाट न पाहता हे आपणहून केले, हे बरे झाले, असे केंद्रातल्या दुसऱ्या बाईंनीही सांगितले. त्या दुसऱ्या बाई म्हणजे तपासनीस : प्रत्येक रिटर्न एकाने भरायचे आणि सही होण्यापूर्वी दुसऱ्याने करदात्यासमोर बसून पुन्हा पाहायचे, असा तिथला शिरस्ता आहे.

मुले नसलेल्यांसाठी या सगळ्यात फारसे काही नाही, हे स्पष्ट सांगावे. एकट्या माणसाला ते ६४९ डॉलरचे क्रेडिट मिळायला वय पंचवीस ते चौसष्ट आणि उत्पन्न, २०२५ सालासाठी, १९,१०४ डॉलरच्या खाली लागते, म्हणजे पूर्णवेळ नोकरी असेल तर बहुधा हुकतेच. न्यू जर्सीत राज्याच्या क्रेडिटाला मात्र वयाची अट अठरापासून सुरू होते. अशांचा परतावा बहुतांशी कापलेल्या करावरच अवलंबून असतो, आणि तो किती कर कापायचा हे मालकाला सांगणारा डब्ल्यू-फोर फॉर्म नीट भरून वर्षभर आधीच पगारात घेतलेला चांगला.

शिकायला आलेल्या मराठी मुलांची गोष्ट वेगळी आहे. एफ-वन व्हिसावर पहिली पाच कॅलेंडर वर्षे ते करापुरते अनिवासी धरले जातात, त्यांचे रिटर्न १०४०-एनआर या फॉर्मवर जाते आणि अर्न्ड इन्कम क्रेडिट त्यांना मिळत नाही. पण भारत-अमेरिका करकराराच्या एकविसाव्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट घेता येते, २०२५ साठी १५,७५० डॉलर. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ही सोय नाही. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, काम करताना सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के चुकून कापले गेले असतील तर ते आधी मालकाकडे आणि त्याने हात वर केले तर ८४३ क्रमांकाच्या फॉर्मवर आयआरएसकडे मागता येतात. अनिवासींची रिटर्ने सगळीच व्हिटा केंद्रे करत नाहीत. विद्यापीठांतल्या केंद्रांत त्याचे प्रशिक्षण घेतलेले लोक सापडण्याची शक्यता अधिक, म्हणून वेळ घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावरच्या कुटुंबांचे उत्पन्न सहसा या केंद्रांच्या मर्यादेबाहेर असते, पण मुलांचा नियम त्यांनाही लागतो आणि तो थोडा विचित्र वाटतो. चाइल्ड टॅक्स क्रेडिटासाठी मुलाकडे नोकरीस वैध असा सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा, आणि २०२५ पासून आईवडिलांपैकी निदान एकाकडेही. त्यामुळे पुण्यात जन्मलेल्या, एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावर आलेल्या थोरल्याचे ५०० आणि इथल्या एडिसनमध्ये जन्मलेल्या धाकट्याचे २,२००, असे एकाच ताटात जेवणाऱ्या भावंडांचे दोन भाव होतात. जोडीदाराकडे केवळ आयटीआयएन असेल तर एकत्र रिटर्नवर अर्न्ड इन्कम क्रेडिट मिळतच नाही. आणि गावी पैसे पाठवतो म्हणून तिथल्या आईवडिलांना अवलंबित दाखवण्याचा मोह पुष्कळांना होतो. भारतात राहणाऱ्या, अमेरिकेचे नागरिक वा रहिवासी नसलेल्या आईवडिलांना तसे दाखवता येत नाही, मग पाठवलेली रक्कम कितीही असो.

केंद्रात उणीव नाही असे नाही. आम्ही गेलो तिथे वेळ ठरवूनही दीड-दोन तास ताटकळावे लागले, खोली गार होती आणि एकच स्कॅनर आळीपाळीने फिरत होता. कामाची मर्यादाही ठरलेली आहे : धंद्यात तोटा असेल, भाड्याने दिलेले घर असेल, किंवा भारतीय म्युच्युअल फंडांमुळे ८६२१ चा किचकट फॉर्म लागत असेल, तर ते नम्रपणे परत पाठवतात आणि तिथे चांगल्या सीपीएला, म्हणजे परवानाधारक लेखापालाला, पैसे मोजण्याला पर्याय नाही. स्वतः भरू शकणाऱ्यांसाठी आयआरएसच्या ‘फ्री फाइल’मधली सॉफ्टवेअरे आहेत, ‘डायरेक्ट फाइल’ ही सरकारची स्वतःची विनाशुल्क सोय २०२४ मध्ये बारा आणि २०२५ मध्ये न्यू जर्सीसह पंचवीस राज्यांत मिळाली होती, ती २०२६ च्या मोसमात बंद करण्यात आली. त्यामुळे या खोल्यांपुढची रांग आखडण्याचे चिन्ह नाही.

जायचे असेल तर जवळचे केंद्र ८००-९०६-९८८७ या क्रमांकावर विचारता येते. पतिपत्नी दोघांनीही जावे, कारण एकत्र रिटर्न ऑनलाइन पाठवायला दोघांच्या सह्या लागतात. वहिनीची कामाची पाळी आहे म्हणून भाऊ एकटाच गेला असता तर फेरी फुकट गेली असती. फोटो असलेले ओळखपत्र, मुलांसकट सर्वांची सोशल सिक्युरिटी कार्डे, डब्ल्यू-टू, व्याजाची पत्रके, पाळणाघराचा करक्रमांक, मागच्या वर्षीचे रिटर्न आणि बँकेचा राउटिंग क्रमांक बरोबर असावा. परताव्याचे कागदी चेक सप्टेंबर २०२५ अखेरीपासून हळूहळू बंद होत असल्याने खाते नसलेल्यांनी ते आधी उघडावे. अर्न्ड इन्कम क्रेडिटचा परतावा २०१५ च्या कायद्याने फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी सोडला जात नाही, त्यामुळे जानेवारीतच धावाधाव करण्याचे कारण नाही; पण मार्च उलटू देऊ नये, कारण आमच्या केंद्रात एप्रिल लागल्यावर एकही वेळ शिल्लक नव्हती.